संस्कृती कोणाची? फादर दिब्रिटोंचे बायबल आणि आपण

धर्म बदलला तरी संस्कृती बदलत नाही. महाराष्ट्रातल्या पुरोगामी ख्रिस्ती विचारवंतांच्या मांडणीचा हा गाभा आहे. व्यासपीठावरून हे आले की टाळ्या पडतात. मराठी साहित्यिक सुखावतात, उदारमतवादी हिंदू सुखावतात, ‘बघा, हे किती आपले आहेत’ असे म्हणून लोक घरी जातात. आंबेडकरी माणसाने मात्र टाळी वाजवण्याआधी विचारले पाहिजे, की जी बदलली नाही ती संस्कृती कोणती आणि कोणाची? वतनदाराचीही संस्कृती असते आणि त्याच्या दारात मेलेले ढोर ओढणाऱ्याचीही असते. दोघांनी धर्म बदलला आणि संस्कृती तीच ठेवली, तर दोघांच्या वाट्याला एकच गोष्ट येत नाही.

हा प्रश्न आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखनाच्या निमित्ताने मांडत आहोत. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. वसईचे हे कॅथलिक धर्मगुरू अनेक वर्षे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली त्यांनी बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या दहशतीविरुद्ध लोक रस्त्यावर आणले. वर्षानुवर्षे खपून ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि साहित्य अकादमीने त्याला पुरस्कार दिला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची निवड होताच काही हिंदुत्ववादी संघटनांनी विरोध केला, धमकीचे फोन गेले. ज्ञानोबा-तुकोबांना आयुष्यभर डोक्यावर घेणारा हा मराठी लेखक केवळ ख्रिस्ती धर्मगुरू आहे म्हणून काहींना चालत नव्हता. त्या वेळी आमच्यातल्या अनेकांनी त्यांची बाजू घेतली. ती घेणे बरोबरच होते.

बाजू घेऊन झाल्यावर त्यांचे पुस्तक वाचायला किती जणांनी घेतले, हा वेगळा हिशेब आहे. अकोल्यातल्या एका अभ्यासवर्गात आम्ही ‘सुबोध बायबल’वर बोलायचे ठरवले, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, “भाऊ, आपल्याले काय करा लागते त्या फादरच्या बायबलचं? आपल्यापाशी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हाये ना!” पोरगा हुशार आहे आणि त्याचा प्रश्नही खोटा नाही. पण बाबासाहेबांनी इतर धर्म वाचून, तोलून, तुलना करून मग धम्म निवडला. येवल्याची घोषणा १९३५ ची, दीक्षा १९५६ ची. मधली एकवीस वर्षे त्यांनी काय केले हे विसरून आपण त्यांचा फक्त शेवटचा निर्णय पाठ करतो. शिवाय अमरावती-अकोल्यात आपल्या वस्तीला लागून जी ख्रिस्ती घरे आहेत, त्यांच्याशी आपले नाते काय, हाही प्रश्न या पुस्तकात गुंतलेला आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

दिब्रिटोंची धर्माकडे पाहण्याची रीत काय होती? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) कॅथलिक चर्चमध्ये जे वारे शिरले, त्या वाऱ्यात वाढलेली ही पिढी. लॅटिन मिस्सा जाऊन लोकभाषेत उपासना आली. बायबल हा एका दमात आकाशातून पडलेला ग्रंथ नाही, अनेक शतकांत, अनेक हातांनी, वेगवेगळ्या संकटांत लिहिलेली पुस्तके त्यात एकत्र आली आहेत, हे धर्मगुरू उघडपणे सांगू लागले. दिब्रिटो यहुदी इतिहास सांगतात, त्या भूमीचा भूगोल सांगतात, एखादे वचन कोणत्या काळात कोणाला उद्देशून आले ते सांगतात. पोथी डोळे मिटून वाचू नका, असे एक धर्मगुरू मराठी वाचकाला सांगतो, हे आपल्याकडे लहान काम नव्हे. आपल्याकडच्या किती पीठाधीशांनी आपल्या धर्मग्रंथांबाबत एवढे केले आहे?

ही रीत आम्हाला परकी वाटत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न उभे केले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळची की नंतरची, अनात्मवाद आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा बसतो, भिक्खू हा परिपूर्ण माणूस की समाजसेवक. प्रेत, रोगी आणि म्हातारा पाहून राजपुत्र घर सोडतो ही पारंपरिक कथा त्यांनी बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेले भांडण पुढे आणले. म्हणजे परंपरेने हातात दिलेला मजकूर बाबासाहेबांनी तर्काच्या चाळणीतून काढला. दिब्रिटो आणि बाबासाहेब यांच्यात इथपर्यंत सोबत आहे.

फरक पुढे पडतो. पुरोगामी ख्रिस्ती अभ्यासक चाळणी लावतो, पण चाळून झाल्यावर उरलेले पवित्रच धरतो. गुलामांनी मालकाचे ऐकावे असे सांगणारी वचने नव्या करारातल्या पत्रांमध्ये आहेत. अमेरिकेतल्या गोऱ्या मळेवाल्यांनी तीच काढून दाखवली. नोहाने नातवाला दिलेल्या शापावरून काळ्यांची गुलामी ईश्वरी ठरवली गेली. पुरोगामी अभ्यासक म्हणतो, ती त्या काळाची मर्यादा होती, मूळ संदेश प्रेमाचा आहे. ठीक आहे. पण मूळ कोणते आणि मर्यादा कोणती हे ठरवतो कोण? मळेवाल्याचा पाद्रीही मूळ संदेशच सांगत होता. बुद्धाने केसपुत्तच्या कालामांना सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका. या कसोटीत बुद्धवचनालाही सूट नाही. ही जागा आम्ही ख्रिस्ती मित्रांसाठी सोडणार नाही. मात्र आपल्या विहारांतही आता कोणी उभा राहून बाबासाहेबांच्या त्या चार प्रश्नांवर वाद घालत नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.

आता संस्कृतीकडे येऊ.

वसईतल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास पोर्तुगीज अमलाशी जोडलेला आहे. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने किल्ला घेईपर्यंत तिथे पोर्तुगीज होते. त्या दोनशे वर्षांत सामवेदी, वाडवळ, कोळी असे वेगवेगळे समूह ख्रिस्ती झाले. आपली बोली, लुगडी, लग्नाची गाणी, बागायत त्यांनी जपली. दिब्रिटो या मातीतले. ‘आम्ही मराठीच आहोत’ हे म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि त्यांच्या मराठीपणावर शंका घेणाऱ्यांना उत्तर म्हणून ते म्हणणे आवश्यकही होते. पण सामवेदी ख्रिस्ती आणि वाडवळ ख्रिस्ती ही नावेच सांगतात की धर्म बदलला आणि जातीची ओळख राहिली. तिथे ती आज किती सौम्य झाली, हा वसईकरांनी बोलायचा विषय आहे.

गोव्यात ती सौम्य नव्हती. बामण, चारडो, सुदिर ही ख्रिस्ती लोकांतली जातींची नावे आहेत. चर्चच्या कोनफ्रारियांपर्यंत जात पोचली होती. कोणत्या सणाला मान कोणाचा, हे जातीवर ठरायचे. याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले. ओवीत लिहिलेले, मराठी भाषेची थोरवी गाणारे हे काव्य आपल्या साहित्याच्या इतिहासात मानाने उभे आहे आणि तसे असायलाही हवे. पण स्टीफन्सने पुराणाचा साचा घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, कारण समोर बसलेल्यांच्या ओळखीची पवित्र भाषा ती होती. ही उच्चवर्णीयांची पवित्र भाषा होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला पुराण ऐकायला आत कधी बसवलेच नव्हते, तर त्याच्या कानाला पुराणाचा साचा ओळखीचा कसा असणार?

तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच अभंगातून केले. टिळक चित्पावन, मोठे कवी, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ताकडे जायला त्यांना तुकोबांचा पूल लागला. त्यांच्या बाजूने हे प्रामाणिक होते. याला वेगळी वाट पंडिता रमाबाईंनी काढली. केडगावच्या मुक्ती सदनात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले आणि ते करताना ब्राह्मणी धर्माचा वास असलेले शब्द टाळायचा प्रयत्न केला, साधी बाई वाचेल अशी भाषा धरली. १९२२ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर ते पुस्तक छापून बाहेर आले, आणि छपाईचे कामही सदनातल्या बायकांनीच केले. रमाबाईंनी शब्द निवडताना विचारले की हा शब्द कोणाचा आहे. दिब्रिटोंच्या लेखनात संतवाणी जागोजागी भेटते आणि ती गोडही वाटते. पण हा रमाबाईंचा प्रश्न आम्हाला तिथे कमी ऐकू येतो.

ख्रिस्ती धर्म महाराष्ट्रात गावकुसाबाहेर गेला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या मागे महार आणि मांग मोठ्या संख्येने गेले, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या आसपास तर वस्त्याच्या वस्त्या गेल्या. आपल्या वऱ्हाडात अलायन्स मिशन अकोला-खामगाव भागात आले, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली लेकरे मिशनच्या आश्रमांत वाढली. तिकडे परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना उभा राहिला. या लोकांना ‘संस्कृती टिकवली’ असे कोणी म्हणत नाही. त्यांना ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवतात. म्हणजे बामण धर्म बदलतो तेव्हा तो संस्कृती सोबत नेतो, आणि महार-मांग धर्म बदलतो तेव्हा तो पोट सोबत नेतो! ही विभागणी हिंदुत्ववाद्यांनी केली, पण सुसंस्कृत ख्रिस्ती मांडणीनेही ती नीट मोडलेली नाही.

इथे आम्हाला जुन्या मध्यप्रदेशातली नियोगी समिती आठवते. तेव्हा अमरावती-अकोला मध्यप्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ मध्ये अहवाल आला. आदिवासी आणि दलितांची धर्मांतरे आमिषाने, फसवणुकीने होतात आणि त्यांना आळा घातला पाहिजे, असा त्याचा सूर होता. पुढे १९६८ मध्ये मध्यप्रदेशात जो धर्मांतरविरोधी कायदा आला, त्याची पायवाट या अहवालातून जाते. आणि त्याच १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात बाबासाहेबांच्या सोहळ्यात बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत हेच नियोगी होते. त्यांच्या धम्मप्रवेशाचा आम्हाला आदर आहे. पण न्यायमूर्तीचे धर्मांतर विवेकाचे आणि कोरकूचे, महाराचे, मांगाचे धर्मांतर मात्र चौकशीच्या लायकीचे, हे कसे? दीक्षाभूमीवर उभ्या असलेल्या लाखो लोकांबद्दलही तेव्हाचे सवर्ण जग हेच म्हणत होते, की यांना काय कळते, आंबेडकरांनी सांगितले आणि हे आले.

म्हणून धर्मांतरविरोधी कायद्यांकडे पाहताना आपल्या तरुणांनी ‘हे ख्रिस्ती-मुसलमानांचे प्रकरण आहे’ असे म्हणू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतराचा विषय अभ्यासायला समिती नेमली, तेव्हा आपल्या अनेक ग्रुपवर शांतता होती. ज्यांची सगळी नवी ओळख एका धर्मांतरातून जन्मली, त्यांना धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्यावर गप्प बसणे परवडत नाही.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाशी याबाबत स्पष्ट बोलून घेतले आहे. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ते ख्रिस्ती लोकांसमोर बोलले आणि ‘जनता’ने ते भाषण छापले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतले, असे त्यांनी तिथे सांगितले. लगेच पुढे दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते हे ऐकवले, आणि तुमच्यात इतकी शिकलेली मुले-मुली असूनही समाज म्हणून तुम्ही अन्यायाविरुद्ध उभे राहत नाही, असेही ऐकवले. ‘धर्मांतरिताची स्थिती’ या लेखात ते आणखी खोल गेले. अस्पृश्य हिंदू असताना त्याला सांगितले, तुझे दुःख पूर्वकर्माचे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले, ते आदिपुरुषाच्या पापाचे. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी आणि व्यवस्था मोकळी. समाजशास्त्राच्या वर्गात धर्माच्या सामाजिक कार्यावर जे जाडजूड धडे आम्ही वाचले, त्यातल्या बऱ्याच धड्यांपेक्षा हे निरीक्षण जास्त धारदार आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बाबासाहेबांनीही संस्कृतीची भाषा वापरली होती. या देशाच्या इतिहासाला आणि संस्कृतीला धक्का लागणार नाही याची मी काळजी घेतली आहे, अशा अर्थाचे ते धर्मांतराच्या वेळी बोलले होते. मग दिब्रिटोंना दोष का? याचे उत्तर ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’च्या मांडणीत आहे. बाबासाहेबांच्या लेखी भारतीय संस्कृती एक नव्हती. बौद्ध क्रांती आणि ब्राह्मणी प्रतिक्रांती यांचा झगडा म्हणजे इथला इतिहास. त्यांनी त्यातली एक बाजू निवडली आणि बावीस प्रतिज्ञांनी दुसऱ्या बाजूशी असलेले घरगुती धागेही तोडले. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करवून घेणार नाही. हे देव्हाऱ्यापासून तेराव्यापर्यंत रोजच्या संस्कृतीला हात घालणे आहे. संस्कृती बदलणे हा त्या धर्मांतराचा हेतूच होता.

आता हा हेतू आपण किती पाळला ते आपल्याच गल्लीत फिरून पाहा. अमरावतीत आयर्विन चौकात १४ एप्रिलला निळे वादळ येते. पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली की पोटजात विचारली जाते. मातंग मुलीचे स्थळ आले की विहारातले आजोबाही खोकतात. दिब्रिटोंना विचारलेला प्रश्न आपल्या घरच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो, तो असा.

बायबलमधली एक कथा आम्हाला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते, ती शोमरोनी बाईची. योहानाच्या शुभवर्तमानात आहे. भर दुपारी येशू विहिरीवर बसला आहे. बाई पाणी भरायला येते. यहुदी शोमरोन्यांना नीच मानत, त्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिलाच धक्का बसतो, की तू यहुदी असून माझ्याकडे मागतोस? पुरोगामी ख्रिस्ती अभ्यासक या कथेत रूढी मोडणारा येशू दाखवतात, आणि बरोबर दाखवतात. आपल्या आज्यांना वरून, ओंजळीत पाणी वाढले जायचे. त्यांच्या नातवंडांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

पण महाड त्याच्या पुढचे आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर कोणी येऊन आमच्या हातचे पाणी मागावे, याची वाट बाबासाहेब पाहत बसले नाहीत. आम्ही गेलो आणि प्यालो. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा पेटला आणि नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब इंद्रभुवन थिएटरमधल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून इथे आले. वरच्याने खाली उतरून पाणी मागणे ही करुणा आहे. खालच्याने सरळ चालत जाऊन पाणी पिणे हा हक्क आहे. पुरोगामी धर्मगुरूंचे बहुतेक लेखन पहिल्या अंगाने जाते. गरिबाची सेवा, आजाऱ्याची शुश्रूषा, निसर्गाची राखण यात खोट काहीच नाही. वसईत पाणी आणि जमीन वाचवताना दिब्रिटो स्वतः हक्काच्या भाषेत लढले आहेत. जातीबद्दल बोलताना मात्र ती भाषा पुन्हा प्रेमाची आणि सलोख्याची होते. असे का व्हावे?

ज्यांच्या बाबतीत तसे झाले नाही, त्यांचे नाव आपल्या कार्यकर्त्यांना माहीत हवे. अरविंद निर्मल. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी एक व्याख्यान दिले आणि दलित ईश्वरशास्त्र नावाचा प्रवाह सुरू झाला. पुढे चेन्नईच्या गुरुकुल कॉलेजात त्यांनी तो वाढवला. जुन्या करारात इस्राएलच्या माणसाने म्हणायचे एक निवेदन आहे, माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात गेला, गुलाम झाला आणि सुटला. निर्मल यांनी त्याला जोडून आपल्या पूर्वजाची गोष्ट सांगितली. माझ्या पूर्वजाला भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते, त्याच्या कमरेला फांदी आणि गळ्यात मडके होते. बायबल वाचणाऱ्याने स्वतःची जात बाजूला ठेवून वाचायचे नाही, ती समोर ठेवून वाचायचे, असे ते काम आहे. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १९७० च्या सुमारास काळ्यांच्या बाजूने हेच केले, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनेही काळ्यांच्या चळवळीकडूनच नाव घेतले होते. निर्मल यांच्याशीही आमचा ईश्वरावरून वाद राहील. पण त्यांच्या मांडणीत ‘संस्कृती कोणाची’ हा प्रश्न पहिल्या पानावर आहे.

चर्चही हलले नाही असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. दोन हजार वर्षांच्या संस्थेच्या मानाने हे उशिराच झाले, पण लेखी झाले. आपल्याकडच्या किती मठांनी असा कागद काढला?

आता ज्या घरांचा वर उल्लेख केला, त्यांच्याकडे. शिष्यवृत्तीचे आणि जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून देणे हे आमच्या कामातले नेहमीचे. त्यात अशी कुटुंबे येतात, ज्यांची आजी रविवारी प्रार्थनेला जाते, भिंतीवर क्रूस आहे, नातवाचे नाव डॅनियल किंवा एस्तेर नाही तर मुद्दाम राहुल आणि पूजा आहे, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’. बाई हळू आवाजात विचारते, “दादा, तपासाले कोणी घरी तं नाई येत ना?” आपल्या देवाचे नाव दबक्या आवाजात घ्यायला लावणारी ही व्यवस्था कायद्याने तयार केलेली आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांना सामावून घेतले, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सवलत तर जातेच, ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही जाते. म्हणजे गावातला पाटील मारताना धर्म विचारत नाही, पण पोलीस ठाणे विचारते.

सूसाई खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, धर्मांतरानंतरही तेच मागासलेपण तसेच टिकते हे पुराव्याने दाखवा. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा असे सुचवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दर पिढीला नवा आयोग येतो आणि तेवढ्यात एक पिढी शाळेतून बाहेर पडते.

इथे आपल्यातला खरा अडथळा येतो, आणि तो बैठकीत नाही, बैठकीनंतर चहाच्या टपरीवर बोलला जातो. ‘ते आले तर आपला वाटा कमी होईल.’ या भीतीवर हसू नये. जागा कमी आहेत, कंत्राटीकरणाने त्या आणखी घटल्या आहेत, अकोल्यात पदवी घेऊन रिक्षा चालवणारी आपली पोरे आहेत. पण हेच वाक्य १९९० च्या आधी बौद्धांबद्दलही म्हटले जात होते. बाबासाहेबांमागे धर्म बदलला म्हणून आपल्या आधीच्या पिढीच्या केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या पातळीवर दिल्या, दिल्लीने द्यायला १९९० उजाडले. त्या चौतीस वर्षांत किती घरांनी कागदावर ‘हिंदू महार’ लिहून घेतले हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. कागदावर एक आणि मनात एक, ही वेदना महाराष्ट्रात आपल्याइतकी कोणाला कळणार? ख्रिस्ती लोकसंख्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत एक टक्क्याच्या आतबाहेर, त्यातला दलित भाग आणखी लहान. बौद्ध पासष्ट लाखांहून अधिक. वाटा खाल्ला जातोय तो खासगीकरणात आणि न भरलेल्या अनुशेषात. टपरीवरची चर्चा तिकडे क्वचितच वळते.

दुसरी बाजूही लिहितो. ख्रिस्ती मंडळींनी, विशेषतः दिब्रिटोंना मानणाऱ्या सुशिक्षित वर्गाने, या मागणीसाठी वेगळ्या ‘ख्रिस्ती हक्क’ मोर्च्यावर थांबू नये. जात विचारली की ‘आमच्यात जात नाही’ म्हणायचे आणि सवलत मागताना जात दाखवायची, हे चालणार नाही. २०१६ चा कागद त्यांच्याच बिशपांनी काढला आहे. त्याच्यावर मंडळीत उघड बोलणे झाले, दफनभूमीपासून धर्मगुरू नेमण्यापर्यंत हिशेब मांडला गेला, तर आंबेडकरी चळवळीला त्यांच्या शेजारी उभे राहणे सोपे जाईल. बाबासाहेबांनी सोलापुरात हेच मागितले होते.

जोतिरावांचे उदाहरण आपल्याकडे आहेच. मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांचे चांगले काम मोकळेपणाने मानणारे आणि तरीही ख्रिस्ती न झालेले. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी एका घराची कल्पना केली आहे. बायकोने बौद्ध ग्रंथ वाचून पटला तर तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून, मुलीने कुराण वाचून, मुलाने सत्यधर्म घ्यावा आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली राहावे. १८९१ मध्ये छापले गेलेले हे घर अजून आपल्या गावात बांधून झालेले नाही.

२०२७ च्या जनगणनेत जातही मोजली जाणार आहे. ‘धर्म बौद्धच लिहा’ ही मोहीम आपण अमरावती-अकोल्यात चालवणारच आहोत आणि घरोघर जाणार आहोत. त्या फेरीत ख्रिस्ती घराचे दार आले की पुढे न जाता थांबावे, असे आम्ही कार्यकर्त्यांना सांगितले आहे. त्यांना ‘बौद्ध लिहा’ म्हणायचे नाही. तुम्ही जे आहात ते निर्धास्त लिहा, आणि त्यावरून दाखल्याला कोणी हात लावला तर आमच्याकडे या, एवढे सांगायचे.

२५ डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस, तोच नाताळ. अकोल्यात अशोक वाटिकेजवळ आपण जमतो तेव्हा ख्रिस्ती शेजारी प्रार्थनेत असतात आणि भेट होत नाही. म्हणून यंदा त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी वाचन ठेवत आहोत. एका बाजूला ‘सुबोध बायबल’मधली शोमरोनी बाईची कथा, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचे सोलापूरचे भाषण. दोन्हीच्या छायाप्रती आम्ही काढून ठेवू. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी वाचून यावे.

जय भीम.